बाटलीत आजी नसते

'लवंगेचं तेल नैसर्गिक आहे' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही.

बाटली हातात घेणाऱ्या माणसाला जे कळायला हवं, त्यातलं काहीच हे वाक्य सांगत नाही. झाडाच्या कुठल्या भागाचं तेल आहे? त्यात नेमकं काय आहे, आणि किती? किती थेंब घ्यायचे, कशात मिसळायचे, कुठे लावायचे, किती दिवस? घरात रांगतं मूल असेल तर बाटली कुठे ठेवायची? हे प्रश्न कुणी विचारूच नयेत म्हणून 'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर सगळ्यात मोठ्या टायपात छापलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

या विषयावर बोलणारे दोन गट असतात. एका गटाच्या मते लवंगेच्या तेलाने दातदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळं बरं होतं, आणि निसर्गातून आलेल्या वस्तूचा अपाय होऊच शकत नाही. दुसरा गट म्हणतो की हे सगळं थोतांड आहे, व्हॉट्सअॅप विद्यापीठाची पदवी आहे, पुढे चला. माझं भांडण दोघांशीही आहे. कारण हे तेल खरोखर काम करतं, आणि जी गोष्ट खरोखर काम करते ती खरोखर इजाही करू शकते. पहिल्या गटाला वाक्याचा उत्तरार्ध मान्य नाही, दुसऱ्याला पूर्वार्ध.

पान, कळी आणि देठ

आधी बाटलीत काय आहे ते पाहू. आपण मसाल्याच्या डब्यातून काढतो ती लवंग म्हणजे न उमललेली, सुकवलेली कळी. हे झाड मूळचं इंडोनेशियातल्या मालुकू बेटांचं. आज इंडोनेशियातल्या बहुतेक लवंगा स्वयंपाकघरात जातच नाहीत, त्या 'क्रेटेक' नावाच्या तिथल्या सिगारेटींमध्ये जातात. म्हणजे कळीला आधीच मोठं गिऱ्हाईक आहे आणि ती महाग आहे. मग तेलासाठी उरतात पानं आणि देठ. झाडाखाली पडलेली पानं गोळा करायची, मोठ्या भांड्यात रचायची, खालून वाफ सोडायची, आणि ती वाफ थंड करून तेल वेगळं काढायचं. जावा आणि सुलावेसी बेटांवर आणि मादागास्करमध्ये हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. पानांतून वजनाच्या दोन-तीन टक्के तेल निघतं. कळीतून पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त निघतं, पण कळीची किंमत पाहता पानाचंच तेल कितीतरी स्वस्त पडतं.

तिन्ही तेलांचा मुख्य घटक एकच, युजेनॉल. लवंगेचा तो ओळखीचा, नाकात जाणारा वास त्याचाच. पण तिन्ही तेलं सारखी नाहीत. कळीच्या तेलात युजेनॉलच्या जोडीला युजेनिल अॅसिटेट नावाचा घटक असतो. युरोपीय औषधसंहितेनुसार तो ४ ते १५ टक्के असायला हवा. पानाच्या तेलात तो नावापुरताच असतो. त्यामुळे कळीचं तेल वासाला गोडसर आणि गोलाईदार लागतं, तर पानाचं तेल उग्र, लाकडी, दवाखान्याची आठवण करून देणारं. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने म्हणजे आयएसओने पान, कळी आणि देठ यांच्या तेलांसाठी तीन वेगवेगळी मानकं केली आहेत, ३१४१, ३१४२ आणि ३१४३. जगाने या तीन वस्तू वेगळ्या मानल्या आहेत. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत मात्र तिन्हींचं नाव एकच: 'प्युअर क्लोव्ह ऑइल'. वर फोटो कळ्यांचा.

गैरसमज नको. पानाचं तेल म्हणजे 'डुप्लिकेट माल' नव्हे. काही सुगंधप्रेमी मंडळी पानाच्या तेलाचं नाव काढलं की नाक मुरडतात, तोही एक शिष्टपणाच. युजेनॉल हवं असेल तर पानाचं तेल हा त्याचा उत्तम आणि स्वस्त स्रोत आहे. तक्रार एवढीच आहे की पान विकत असाल तर 'पान' लिहा. शेंगदाण्याच्या डब्यावर बदामाचा फोटो लावलेला आपण खपवून घेतला असता का?

आणि ते 'थेराप्यूटिक ग्रेड'! हा शब्द वाचून लोकांना वाटतं की कुठल्यातरी प्रयोगशाळेने तेल तपासून दर्जा दिला आहे. असा दर्जा देणारी कुठलीही स्वतंत्र संस्था अस्तित्वात नाही. विक्रेत्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली ती पदवी आहे. उद्या मी माझ्या कोडवर 'थेराप्यूटिक ग्रेड' लिहिलं तर त्याला जेवढा अर्थ असेल, तेवढाच याला.

एकाच द्रवाची अनेक कामं

आता हसणाऱ्या गटाकडे वळू. 'हे सगळं प्लासिबो आहे' असं म्हणणाऱ्यांनी एकदा डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यावर खोल श्वास घ्यावा. तो दवाखान्याचा टिपिकल वास बऱ्याच अंशी युजेनॉलचाच असतो. झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल कालवून बनणारं सिमेंट दंतवैद्यक शंभराहून अधिक वर्षं वापरत आलं आहे. दात काढल्यावर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली आणि असह्य कळा सुरू झाल्या, तर डॉक्टर तिथे युजेनॉल लावलेली पट्टी ठेवतात. वेदनेचा संदेश वाहून नेण्यासाठी मज्जातंतूंना सोडियमची दारं उघडावी लागतात. युजेनॉल ती दारं अडवतं. बधिरतेची इंजेक्शनंही ढोबळमानाने हेच करतात.

२००६ साली 'जर्नल ऑफ डेंटिस्ट्री'मध्ये कुवेतमधला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ७३ जणांच्या तोंडात, वरच्या सुळ्याजवळ गालाच्या बाजूला सुई टोचायची, आणि त्याआधी कुणाला लवंगेचं जेल, कुणाला बेंझोकेन हे नेहमीचं बधिर करणारं औषध, कुणाला नुसतंच जेल लावायचं. लवंग आणि बेंझोकेन दोन्ही नुसत्या जेलपेक्षा सरस ठरले, आणि त्या दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. लक्षात घ्या, ते जेल वाटलेली लवंग आणि ग्लिसरीन यांचं होतं, बाटलीतलं तेल नव्हतं. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता याच द्रवाची बाकीची कामं पाहा. मत्स्यसंशोधनात माशांना हाताळण्याआधी बेशुद्ध करायचं असेल, तर लवंगेचं तेल आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्यात मिसळतात. लिटरभर पाण्यात एक-दोन थेंबांइतकं तेल जिवंत माशाला आडवं करायला पुरतं. अमेरिकेत सेंद्रिय शेती करणाऱ्यांसाठी लवंग तेलावर आधारलेली तणनाशकं विकली जातात. ती फवारली की तणाची पानं भाजल्यासारखी करपतात. एकेकाळी आइस्क्रीमच्या व्हॅनिला स्वादासाठी लागणारं व्हॅनिलिन लवंग तेलातल्या युजेनॉलपासून बनवत. आणि आपल्या कोकणात हापूसच्या बागांमध्ये फळमाशीसाठी जे सापळे टांगतात, त्यांत नर माशीला ओढून आणणारं मिथाइल युजेनॉल हे युजेनॉलचंच भावंड. युजेनॉलच्या रेणूत एक छोटासा बदल केला की ते तयार होतं.

दात बधिर करणारं, मासा झोपवणारं, तण जाळणारं आणि कारखान्यात कच्चा माल म्हणून चालणारं हे द्रव्य. याला 'सौम्य घरगुती उपाय' म्हणणं हा त्याचा अपमान आहे आणि 'थोतांड' म्हणणं हे आपलं अज्ञान.

आजीचा हिशोब

'आमची आजी काय मूर्ख होती का?' हा प्रश्न या वादात हमखास येतो. उत्तर: अजिबात नाही. आजी फार हुशार होती. पण आजी तेल देत नव्हती. ती लवंग देत होती.

हा फरक शब्दांचा नाही, गणिताचा आहे. किलोभर लवंगेत साधारण आठ ते दहा हजार लवंगा बसतात. म्हणजे एक लवंग सुमारे ०.१ ग्रॅमची. त्यात १५ टक्के तेल धरलं तर एका लवंगेत १५ मिलिग्रॅम तेल. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ४० मिलिग्रॅमचा. म्हणजे एक थेंब तेल म्हणजे जवळजवळ तीन लवंगा. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल, साडेतीनशे लवंगांच्या घरात जातं.

साडेतीनशे लवंगा कुणी खाऊन दाखवाव्यात. दोन लवंगा चावल्या तरी जीभ जळते आणि तिसरी आपण थुंकून टाकतो. लवंगेला स्वतःचं ब्रेक लावलेलं आहे. तेल हळूहळू सुटतं, तिखटपणा थांबायला सांगतो, आणि आजीही 'दाढेखाली धर, चावून गिळू नकोस' असं बजावत असते. आजीबाईच्या बटव्यात फक्त वस्तू नसायच्या, मात्राही असायची. कुणाला, किती, कधी बंद करायचं, हे सगळं आजीच्या डोक्यात होतं आणि आजी शेजारी बसलेली होती. बाटलीत साडेतीनशे लवंगा मावतात. आजी मावत नाही.

तेव्हा 'पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलोय' हा दाखला लवंगेला लागू आहे. वाफेवर काढलेल्या, ८० टक्के युजेनॉल असलेल्या पानाच्या तेलाला तो आपोआप लागू होत नाही. पानाचं तेल तर आपल्या आज्यांनी पाहिलंही नसेल. आपल्याकडे लवंगेच्या तेलाची घरोघरी जी ओळख झाली, तिच्यात 'प्रॉमिस' टूथपेस्टच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. आपल्या आईवडिलांना विचारा, त्यांना आठवेल. परंपरा म्हणून आपण जे सांगतो त्यातलं थोडंफार टीव्हीवरूनही आलेलं असतं.

याच गणिताचं दुसरं टोक लहान मुलांपाशी येतं, आणि इथे माझा आवाज चढतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने युजेनॉलसाठी रोजच्या सेवनाची मर्यादा घातली आहे, शरीराच्या दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅम. ही आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल अशी मर्यादा आहे, ती ओलांडली की लगेच विषबाधा होते असं नाही. तरी आकडा बोलका आहे. ६० किलोच्या माणसासाठी १५० मिलिग्रॅम, म्हणजे पानाच्या तेलाचे चार-पाच थेंब. १० किलोच्या बाळासाठी २५ मिलिग्रॅम, म्हणजे एक थेंबसुद्धा नाही.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी एका मावसबहिणीने विचारलं, "बाळाला दात येतायत, रात्रभर रडतंय, हिरड्यांना लवंगेचं तेल लावू का?" पाच मिनिटांत सात जणांचे होकार. कुणी 'बिनधास्त लाव' म्हटलं, कुणी 'आम्ही पण लावायचो', एका काकांनी तर ऑर्डर करायची लिंकच टाकली. वर लिहिलेला हिशोब मी तिथे टाकला आणि 'ताई, लावू नकोस, आधी बाळाच्या डॉक्टरांना फोन कर' असं लिहिलं. त्यावर मावशीचं उत्तर आलं, "तुम्हा आजकालच्या मुलांना सगळ्यात केमिकलच दिसतं बाबा." आणि खाली तीन अंगठे.

मावशी, केमिकल दिसतं कारण ते आहे. १९९३ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वर्षांच्या एका मुलाची केस छापून आली. त्याने ५ ते १० मिलिलिटर लवंगेचं तेल पिलं होतं. म्हणजे एक ते दोन चमचे. मूल कोमात गेलं, त्याला झटके आले, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडली, यकृताला इजा झाली. रुग्णालयात शर्थ करून त्याला वाचवलं गेलं आणि ते पूर्ण बरं झालं. त्या लेखात डॉक्टरांनी एक अडचण नोंदवली आहे. सर्रास दुकानात मिळणाऱ्या या वस्तूची जास्त मात्रा झाली तर काय करायचं, याबद्दल छापील माहितीच फारशी नव्हती. त्यानंतरही लहान मुलांच्या अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत. यकृताची इजा पॅरासिटामॉलच्या अतिसेवनात होते तशीच दिसते, आणि म्हणून डॉक्टर पॅरासिटामॉलवरचा उतारा, एन-अॅसिटिलसिस्टीन, इथेही वापरतात.

पॅरासिटामॉलचं नाव निघालंच आहे तर एक तुलना करून पाहा. पॅरासिटामॉलच्या पाकिटावर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. बॅच नंबर असतो. मात्रा ओलांडली तर यकृताला धोका, हा इशारा असतो. कारण ते 'केमिकल' आहे. यकृताला तशीच इजा करू शकणाऱ्या तेलाच्या बाटलीवर मात्र हिरवं पान आणि 'नो साइड इफेक्ट्स'. कारण ते 'नैसर्गिक' आहे. यकृताला लेबल वाचता येत नाही.

रीलचा डोस

रीलवाल्यांचं वेगळं प्रकरण आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, लोक ऑक्सिजनसाठी रांगा लावत असताना, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगल्याने शरीरातला ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज फोनाफोनांतून फिरत होता. असं हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढल्याचा कुठलाही पुरावा नव्हता. उग्र वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, फुप्फुसांत त्याने काही बदलत नाही. त्या मेसेजचा खरा धोका पुरचुंडीत नव्हता. ती हुंगत घरी थांबलेल्या माणसाचा दवाखान्यात जायचा वेळ निघून जात होता, धोका तो होता.

सध्याची लाट केसांची आणि चेहऱ्याची आहे. दोन चमचे खोबरेलात लवंग तेलाचे दहा थेंब टाका, मुळांना चोळा, दाढी दाट होईल, पिंपल जातील. हिशोब करू. दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर. दहा थेंब म्हणजे सुमारे ०.४ मिलिलिटर. मिश्रण झालं चार टक्क्यांचं. त्वचेवर लावून ठेवायच्या गोष्टींत लवंग तेल साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर नसावं, असं अरोमाथेरपीच्या सुरक्षिततेवर काम करणारेच सांगतात. म्हणजे रीलमधला डोस आठपट झाला. दोन चमच्यांत खरं तर एकच थेंब पुरे. युजेनॉलची अॅलर्जी ही नीट माहीत असलेली गोष्ट आहे. युरोपात क्रीमसारख्या वस्तूत ते ०.००१ टक्क्याच्या वर असलं तरी लेबलवर त्याचं नाव लिहावं लागतं. आणि अशी अॅलर्जी एकदा जडली की ती सहसा जात नाही. मग युजेनॉल असलेला परफ्यूम, साबण, इतकंच काय दातातलं सिमेंटसुद्धा त्रास देऊ शकतं. पस्तीस सेकंदांच्या व्हिडिओसाठी ही किंमत जरा जास्तच आहे.

ज्यांना पर्याय नाही त्यांचं काय?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. कुणी म्हणेल, हे सगळं शहरातल्या, दातांचा विमा असलेल्या माणसाचं बोलणं झालं. ज्याच्या गावापासून डेंटिस्ट तीस किलोमीटरवर आहे आणि ज्याला रूट कॅनालचे पैसे परवडत नाहीत, त्याने रात्री दोन वाजता ठणकणाऱ्या दाढेचं काय करायचं?

मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मी हे तेल बंद करा असं म्हणत नाही. त्या माणसाला लवंग उपयोगी आहे. पण चुकीच्या माहितीचा सर्वांत मोठा फटकाही त्यालाच बसतो. तेलाने कळ थांबते, कीड थांबत नाही. दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर तो आपलं काम शांतपणे करत राहतो, आणि कळ नसल्यामुळे माणूस आणखी दोन महिने काढतो. शेवटी जो दात साध्या भरावाने वाचला असता तो काढावा लागतो. वर रोज तेल लावून हिरडी भाजलेली असते ती वेगळीच. गरिबाला स्वस्त औषध मिळालं पाहिजे, हे मान्य. त्यासोबत खरी माहिती मिळाली तर ते औषध महाग होत नाही.

वापरायचंच असेल तर

बाटलीवर जे लिहायला हवं होतं ते इथे लिहितो.

मोठ्या माणसाची दाढ दुखत असेल तर आधी अख्खी लवंग. तेलच वापरायचं तर एक थेंब चमचाभर खोबरेलात मिसळा, कापसाचा छोटा बोळा त्यात बुडवून पिळा आणि दुखऱ्या दातावर काही मिनिटं टेकवा. हिरडीवर चोळू नका, लाळ गिळू नका, आणि बोळा तोंडात ठेवून झोपू नका. एक-दोन दिवस, डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत. डॉक्टरकडे गेल्यावर तेल लावलं होतं हे सांगा. युजेनॉलमुळे दाताच्या रंगाचे आधुनिक भराव नीट घट्ट होत नाहीत, त्यामुळे त्यांना ते माहीत असलेलं बरं.

पाण्यात थेंब टाकून चुळा भरू नका. हे तेल पाण्यात विरघळत नाही. उलट पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि शेवटच्या घोटाबरोबर न मिसळलेला थेंब थेट तोंडात येतो. आंघोळीच्या पाण्यात टाकण्याचंही तेच.

लहान मुलांच्या तोंडात, हिरड्यांवर अजिबात नाही. गरोदर असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण युजेनॉल रक्ताच्या गुठळ्या होण्यात अडथळा आणतं. घरात मांजर असेल तर डिफ्यूझरमध्ये लावू नका. मांजराच्या यकृताला अशी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत.

हाताळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. साठवण गडद काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून, उन्हापासून लांब. काही प्रकारचं प्लास्टिक हे तेल मऊ करतं आणि ड्रॉपरचा रबरी फुगा खराब करतं, म्हणून ड्रॉपर लावूनच ठेवून देऊ नका. लोखंडाच्या भांड्यात तर नकोच, युजेनॉल लोखंडाशी मिळून काळपट-जांभळं होतं. आणि बाटली कुलपात, खोकल्याच्या औषधाच्या शेजारी अजिबात नको.

कुणी तेल पिलंच, तर उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात जा. 'बघू, थोडा वेळ थांबू' हे चालणार नाही.

मागणी

विकणाऱ्यांकडून माझ्या मागण्या मोजून पाच आहेत. पान, कळी की देठ ते समोरच्या बाजूला, मराठीत लिहा. युजेनॉल किती टक्के आहे ते लिहा आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल क्यूआर कोडवर ठेवा. ज्या क्षेत्रात मी काम करतो तिथे फुकटात वाटल्या जाणाऱ्या कोडलाही व्हर्जन नंबर आणि काय बदललं याची नोंद असते, मग पैसे घेऊन विकलेल्या बाटलीला ती का नसावी? त्वचेसाठी किती पातळ करायचं ते थेंबांत आणि चमच्यांत लिहा, टक्केवारी कुणी काढत बसत नाही. मुलांना उघडता येणार नाही असं झाकण आणि एका वेळी एकच थेंब पडेल असं तोंड बसवा. आणि मागे बारीक अक्षरांत 'फक्त बाह्य वापरासाठी' छापून पुढच्या फोटोत दातावर थेंब सोडणारी हसरी बाई दाखवणं बंद करा. दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं.

यातल्या कुठल्याही गोष्टीने तेल महाग होणार नाही. झाकणाला काही रुपये लागतील, बाकी सगळी शाई आहे.

आणि आपल्यासाठी एकच काम. घरातल्या ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी 'बाळाला लावू का' असं विचारलं, की अंगठा दाखवण्याआधी थेंबांचा हिशोब टाइप करा. एक थेंब म्हणजे तीन लवंगा, आणि बाळाची मर्यादा एका थेंबाहून कमी. मावशी रागावतील. रागावू द्या.